टाकीवरच्या बाईचा चेहरा

भाद्रपद लागला की वच्छलाबाईंच्या घरी बायका मुंडकी घेऊन येतात. कुणी पदराखाली झाकून, कुणी दुरडीत ठेवून, तर एखादी बिनधास्त काखेत मारून. मुंडकी म्हणजे महालक्ष्म्यांचे मुखवटे. वर्षभर पेटीत पडून कुणाच्या गालाचे पोपडे निघालेले असतात, कुणाची भुवई उडालेली असते. भिवराबाईंच्या घरच्या धाकट्या लक्ष्मीचं नाक तर एका वर्षी उंदरांनी खाल्लं होतं. वच्छलाबाई सगळ्यांना भिंतीशी ओळीने मांडतात. आधी गाल, मग ओठ, मग भुवया, आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढून झाले की मुखवटा लगेच कापडात गुंडाळून ज्याचा त्याला परत. मी एकदा विचारलं, एवढी घाई कशाला? तर म्हणाल्या, "डोळं आलेलं तोंड घरात ठिवू नये. बघत बसतंय."

हे सांगणारा मी, धर्मराज. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी. लोक मला शेक्रेटरी म्हणतात आणि माघारी आणखी काय म्हणतात तेही मला माहीत आहे. आमचं गाव मांजरसुंब्यापासून सात किलोमीटर आत, माळावर. गावाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. स्वतःबद्दलही नाही, त्यामुळे गावाने वाईट वाटून घेऊ नये.

वच्छलाबाई मूळच्या गेवराईकडच्या, गोदाकाठच्या. वडील प्लास्टरच्या मूर्ती रंगवून बाजारात विकायचे, त्यांच्या हाताखाली ही पोर शिकली. लग्न होऊन आमच्या गावी आल्या आणि ब्रशाच्या जागी हातात कोयता आला. नवरा म्हाळू आणि त्या मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवराबायकोला एकच कोयता मोजतात, तसं. दिवाळी झाली की ट्रॅक्टरवर संसार चढवायचा, सांगली-कोल्हापूरकडे जायचं आणि पाडव्याच्या पुढेमागे परत यायचं. अशी बावीस सालं केली. एकच मुलगी, मुक्ता. तिला मात्र उसाच्या फडात नेली नाही. चुलतीकडे ठेवून बारावी केली. नंतर मीच तिला सोसायटीच्या दूध केंद्रावर फॅट बघायला बसवलं. एकोणीस वर्षांची पोर भल्याभल्यांच्या कॅनमध्ये डोकावून म्हणायची, "मामा, म्हैस वड्यात पोहून आली का काय?" मलाही मामाच म्हणायची. माझ्या कॅनलाही तिने सोडलं नव्हतं.

दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात टँकरचं पाणी गावच्या विहिरीत ओतायचे. टँकर रिकामा झाला की सगळं गाव काठावर. एका बाजूचं बांधकाम ढासळलेलं, त्यामुळे उरलेल्या बाजूने तीन दोर आणि त्यांच्यामागे शंभर-दीडशे माणसं. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात त्या रेटारेटीत मुक्ता विहिरीत पडली. मी तिथे होतो. माझ्याबद्दल पुढे सांगणार आहे, टाळणार नाही. पंचनाम्यात 'पाय घसरून' असं लिहिलं. खाली पाच सह्या झाल्या, त्यातली तिसरी माझी.

वच्छलाबाई आणि म्हाळू उसाच्या फडावरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले. मुलीचं तोंड खडकावर आपटलेलं होतं, म्हणून कापडाने बांधून टाकलं होतं. वच्छलाबाई गाठ सोडायला लागल्या तर चार बायकांनी हात धरले. बघवणार न्हाई तुला, म्हणाल्या. तोंड न बघताच त्यांनी लेकीला अग्नी दिला.

तेराव्यानंतर त्या घरोघर फिरल्या. कशी पडली? कुणाच्या शेजारी उभी होती? पडल्यावर काही बोलली का? प्रत्येक घरात तेच उत्तर, "पाय घसरला गं, वच्छला." माझ्या घरीही आल्या होत्या. मीही तेच म्हणालो, बायकोला चहा टाक म्हणून ओरडलो आणि कपाटातलं दप्तर उगाच खालीवर केलं. दोन वर्षांनी म्हाळू गेला. वच्छलाबाईंनी ऊसतोड सोडली, विचारणंही सोडलं. निदान आम्हाला तसं वाटलं. त्यांना फक्त एवढंच पाहिजे होतं की तिथे काय झालं हे एकाने तरी तोंडाने सांगावं, आणि एवढंच द्यायला आम्ही कुणी तयार नव्हतो.

मग आला दोन हजार चोवीसचा उन्हाळा. पुन्हा टँकर. पण आता विहिरीचं नाव काढायला कुणी तयार नव्हतं. सोसायटीने गोदामासमोर मोठी टाकी बसवली आणि घरटी पाणी वाटायचं ठरलं. वाटायला माणूस बसवला की बोंब व्हायची. शहादेवला बसवलं तर त्याने भावकीला जास्त दिलं, सटवाला बसवलं तर तो दुपारी पिऊन टाकीखाली झोपला. मला बसवलं तेव्हा जी बोलणी खाल्ली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. शेवटी चेअरमन कल्याणराव म्हणाले, "माणूसच नगं. यंत्र बसवा. यंत्राला भावकी नसती."

मांजरसुंब्याच्या चौकात उत्तरेश्वरचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. हा गडी आठ वर्षं चाकणला गाड्यांच्या कारखान्यात रोबोटवर कामाला होता, लॉकडाऊनमध्ये परत आला. त्याने भंगारातून एक लोखंडी हात आणला, सांध्यांत वाकणारा. त्या हाताला पाण्याचा पाईप बांधला. वर माणसाच्या उंचीवर एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला डबी, तिच्यात सेन्सर. समोर कुणी आलं की डबी त्याच्याकडे वळायची, हात हंड्याच्या तोंडाशी यायचा, हंडा भरला की थांबायचा. घरटी दिलेलं कार्ड लावल्याशिवाय थेंब नाही. वर उत्तरेश्वरच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात "हंडा सरळ ठेवा, पुढचे पुढे या." मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकीचा कॉक होता. तो उघडायला आणि झाकायला एक माणूस लागायचा, तिथे वच्छलाबाईंना ठेवलं. काम बिनडोक होतं आणि सावली होती, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

यंत्र चोख होतं. बिघडलो आम्ही. पहिल्या दिवसापासून त्याचं नाव पडलं डबडं. "ए डबड्या, वत की बे!" म्हणून लोक लाथ घालायचे. शहादेवने काठीने डबी ठोकून बघितली. कुणी सेन्सरवर पोतं टाकलं, कुणी गुटख्याची पिंक मारली. दुसऱ्याचं कार्ड लावून तिसऱ्यांदा भरणारे महाभाग तर रोज चार. यंत्राला कशाची लाज, आणि यंत्रासमोर आपल्याला तरी कशाची? महिनाभरात हाताचा एक सांधा निखळला. उत्तरेश्वर दुरुस्तीला आला तेव्हा म्हणाला, "शेक्रेटरी, चाकणला बी असंच व्हायचं. ज्याला तोंड न्हाई त्याला मान्सं मारत्यात. ह्याला तोंड बशिवा."

कल्याणरावांच्या मेहुण्याचं गेवराईला कापडाचं दुकान आहे. तिथून दुकानातल्या बाहुलीचं मुंडकं आलं. गोरंपान, गुलाबी ओठ, वर बघणाऱ्या निळ्या पापण्या. ते दांड्यावर बसवलं, खाली एक जुनं पातळ गुंडाळलं. लाथा थांबल्या हे खरं. त्यांच्या जागी जे सुरू झालं ते लाथांपेक्षा घाण होतं. तिचं नाव पडलं हिरॉईन. पुरुष रांगेत तिला काय काय विचारायचे, गालाला हात लावून फोटो काढायचे. बायका पदर ओढून तोंड फिरवून उभ्या राहायच्या. भिवराबाई गोदामाच्या दारातल्या माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "शेक्रेटरी, ही कुठल्या गावची भवानी आणून ठिवली? हिच्या हातचं पानी देवाला चालंल का?" चौथ्या दिवशी कुणीतरी तिच्या गालावर बिडी विझवली. काळा ठिपका पडला. मला त्या प्लास्टिकची दया आली आणि आपल्याला दया आली याचंही आश्चर्य वाटलं.

तेव्हा कल्याणरावांना वच्छलाबाई आठवल्या. शेडपाशी जाऊन म्हणाले, "वच्छलाबाई, तुमच्या हातचं तोंड करा. महालक्ष्मीचं. मंग बघू कोन बोट लावतंय."

वच्छलाबाईंनी मान हलवली. "लक्ष्मी तीन दिस उभी ऱ्हाती मालक. तिसऱ्या दिशी तिला हालवावं लागतं. तीन म्हयने कशी उभी करता? आन तेबी लोक पायतान घालून येत्यात तितं?"

हे आमच्याकडे कुणालाही पटण्यासारखं होतं. बसलेली लक्ष्मी तिसऱ्या दिवशी जागेवरून हलवली नाही तर घर पोळतं, असं मानतात. कल्याणरावही चाट पडले. मग ते ते वाक्य बोलून गेले. बोलताना समोर कोण आहे ते बघितलं असतं तर बोलले नसते.

"मंग लक्ष्मी नगं. आपल्यातल्याच एखाद्या पोरीचं करा. बघितल्यावर घरचं मानूस वाटलं पायजे."

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "करते," म्हणाल्या.

आठ दिवस शेडचं दार लोटलेलं असायचं. कागदाचा लगदा, खळ, वर शाडूचा लेप. नवव्या दिवशी सकाळी रांग लागली तेव्हा चेहरा दांड्यावर बसलेला होता. सावळा, रुंद कपाळाचा, डाव्या भुवईत बारीकशी खोक. डोक्यावरून हिरवा पदर.

पहिल्या नंबरला सरस्वतीबाई होत्या. त्या कार्ड काढत पुढे गेल्या, डबी नेहमीसारखी त्यांच्याकडे वळली, म्हणजे आता तो चेहरा वळला. त्याने सरस्वतीबाईंकडे बघितलं. सरस्वतीबाईंच्या हातातून हंडा सुटला आणि फरशीवर वाजत गेला. तेवढ्यात उत्तरेश्वरचा पुरुषी आवाज त्या तोंडातून आला, "हंडा सरळ ठेवा." रांगेतल्या तीन बायका उलट्या पावली घरी गेल्या. तो आवाज मी तिथल्या तिथे वायर उपटून बंद केला.

मी ओळखलं होतं. सगळ्यांनी ओळखलं होतं. पण लगेच नाही, आणि त्याचं कारण मला थोड्या वेळाने कळलं. ती एकोणीसची मुक्ता नव्हती. गाल थोडे उतरलेले, डोळ्यांखाली किंचित सावली, जबडा भरलेला. चोवीस वर्षांची होती. वच्छलाबाईंनी तिला मधली पाच वर्षं वाढवली होती.

कल्याणराव आले, बघून पांढरे पडले. "कुनाचं तोंड हाय हे?"

शेडमधून वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमीच म्हनालता मालक. आपल्यातलीच हाय."

नाव कुणी घेतलं नाही, आणि म्हणून ते उतरवा असंही म्हणता येईना. उतरवा म्हणायला कारण लागतं, आणि कारण सांगायला तोंड लागतं.

त्या दिवसापासून रांगेत आवाज नाही. सत्तर-ऐंशी माणसं उन्हात उभी आणि ऐकू येतो तो फक्त त्या हाताच्या मोटरीचा आवाज. बारीक घुरघुर, मग पाण्याची धार, पुन्हा घुरघुर. पायताणं लोक आपणहून लांब काढून ठेवायला लागले. तिसरा हंडा कुणी मागेना. सटवा दारू पिऊन आला तरी वीस पावलांवर थांबायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. काही जण हंडा ठेवून बाजूला सरकायचे, चेहऱ्यासमोर यायला नको म्हणून. पण सेन्सर त्यांना शोधायचा. मान सावकाश वळायची, त्यांच्यावर येऊन थांबायची, मगच धार सुटायची. यंत्र पहिल्या दिवसापासून असंच करत होतं. डबी होती तोवर कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग लोक तिच्याशी बोलायला लागले. भिवराबाईंनी एकदा स्वतःचा पदर तिच्या डोक्यावर धरला, "लई ऊन हाय बाई," म्हणाल्या. आश्रुबा, सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याने भरलेला हंडा तिच्या पायाशी ओतून टाकला आणि रिकामा घेऊन गेला. दुष्काळात. हंडा भरेपर्यंतच्या मिनिटाभरात माणसं पुटपुटायची. "चुकलं गं." "ध्यानात ठिवू नको." मी टेबलावरून बघायचो. ओठ हललेले कळायचे.

मी स्वतः रांगेत जात नव्हतो. बायकोला पाठवत होतो. तिने एकदा विचारलं, "तुमी कावून जात न्हाई?" मी म्हणालो, मला काम आहे.

पंधरा दिवसांत रांग निम्म्यावर आली. लोकांना पाणी नको होतं असं नाही. गावापलीकडच्या दगडखाणीत साचलेलं हिरवं पाणी लोक गाळून प्यायला लागले, पण टाकीकडे येईनात. गावातल्या दोन पोरांना जुलाब लागून सलाइनवर ठेवावं लागलं. मग मात्र कल्याणरावांना कारण मिळालं. मला बोलावून म्हणाले, "उद्या दुपारी कुनी नसतंय तवा ते तोंड काढून आन. जाळून टाक. आन वच्छलाबाईला काय सांगायचं ते तू सांग, तू बोलनारा हायस."

वैशाखातली दुपार. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी बाई-माणसाला विहिरीकडे पाठवत नाहीत. बारा ते दोन ही वेळ माणसांची नाही म्हणतात. मी पान्हा आणि स्टूल घेऊन गेलो. शेडचं दार बंद होतं. मला वाटलं, वच्छलाबाई जेवायला गेल्या असतील.

मी स्टूल मांडायला वाकलो आणि मोटर घुरघुरली. वर बघितलं तर मान माझ्याकडे वळत होती. सेन्सर आहे, समोर आलं की वळणारच, हे मला माहीत होतं. मी उजवीकडे सरकलो. ती उजवीकडे वळली. मी डावीकडे गेलो, ती डावीकडे आली. मला पुढे होईना आणि पाठही फिरवता येईना. मी कार्ड लावलेलं नव्हतं, हंडा ठेवलेला नव्हता, तरी हात सावकाश लांब झाला आणि पाईपचं तोंड माझ्या छातीपाशी येऊन थांबलं. पाणी आलं नाही. नुसता थांबला. नंतर उत्तरेश्वर म्हणाला की सांधा निखळल्यापासून अधूनमधून असं होतं. असेल. मी पाच वर्षं ज्या वाक्यावर दप्तर रचत आलो होतो ते तिथे निखळलं.

"मुक्ते," मी म्हणालो, "पाय घसरला न्हवता तुजा."

मग मला थांबता येईना. त्या दिवशी टँकर ओतत असताना टँकरवाला मला म्हणाला होता की पुढची खेप पाच दिवसांनी. मी ते काठावर उभा राहून मोठ्याने सांगितलं. का सांगितलं? सेक्रेटरी ना मी, सगळं आधी मला माहीत असतं हे दाखवायचं होतं. एका क्षणात मागचे सगळे पुढे सरकले. मुक्ता दोराशी होती. ती खाली गेली. कुणाचा धक्का, हे देवालाही सांगता यायचं नाही, पण लाट माझ्या तोंडातून निघाली होती.

"आन मंग?"

आवाज मागून आला होता. शेडचं दार उघडं होतं. वच्छलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, जेवायला गेल्याच नव्हत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "रोज आयकते मी हितं. समदे चुकलं म्हनत्यात. काय चुकलं ते कुनी सांगत न्हाई. तुमी सांगा धर्मराजभाऊ. आन मंग?"

मी त्यांच्याकडे न बघता त्या चेहऱ्याकडे बघून बोललो. तेच सोपं होतं. "ती खाली पडली तवा जित्ती हुती. पान्याच्या कडंला खडकावर पडली हुती. हाका मारत हुती."

"कुनाला?"

"मला. मामा म्हनून."

वच्छलाबाईंनी दाराची कड धरली. "आन तुमी?"

मग मी तेही सांगितलं. एकदा माणूस खाली उतरला की पाणी गढूळ होणार, त्यात रक्त मिसळणार, आणि मग ते पाणी पाच दिवस कुणी पिणार नाही. हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना एकदमच कळलं. कुणीतरी उतरा रे, असं प्रत्येक जण ओरडत होता आणि दोर कुणी सोडत नव्हता. आधी पाणी ओढलं. मीही. माझे दोन हंडे भरले, मी ते घरी नेऊन ठेवले, परत आलो. तेव्हाही ती हाक मारत होती, पण बारीक. मग थांबली. मग शहादेव उतरला. त्या संध्याकाळी गावात सगळ्यांच्या घरी चुली पेटल्या होत्या, आमच्याही. भात झाला होता.

"किती येळ?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"घड्याळ कुनी बघितलं, वच्छलाबाई."

"किती येळ?"

"माजे दोन भरले एवढंच मला म्हाईत हाय. बाकीच्यांचं बाकीच्यांना."

मला वाटलं, आता शिव्या देतील, अंगावर येतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातला पान्हा घेतला आणि स्टुलावर ठेवला. "उद्या रांगंत सांगा. समद्यांच्या म्होरं. तवर ऱ्हाऊ द्या तिला."

रात्रभर मी कारणं शोधली. सकाळी बायको हंडे उचलायला लागली तर मी ते तिच्या हातातून घेतले. पाच वर्षांत पहिल्यांदा मी पाण्याला निघालो होतो, ती बघत राहिली. टँकर आलेला होता. कल्याणरावही येऊन उभे होते, चेहरा अजून जागेवर का, हे विचारायला. मी त्यांना विचारू दिलं नाही. चेहऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि आदल्या दुपारी जे बोललो होतो ते सगळं पुन्हा बोललो. शेवटी म्हणालो, "माजे दोन."

मला वाटलं, आता हे सगळे मिळून मला खोटं पाडणार. कल्याणरावांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सरस्वतीबाई पुढे आल्या. मान त्यांच्याकडे वळली. त्यांनी हंडा ठेवला नाही, कार्ड लावलं नाही. चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आमचे तीन."

आश्रुबा काठी टेकत आला. "माजा एक. दुसरा वडताना आवाज यीना म्हनून सोडला."

भिवराबाई पदराने तोंड दाबून म्हणाल्या, दोन. शहादेवचा आवाज मला कधी इतका खाली आलेला आठवत नाही. "चार. आन मंग उतरलो. हात गरम हुता तिचा." मग एकेक जण. काही जण त्या दिवशी तिथे नव्हतेच, ते तसंच उभे राहून बाजूला झाले. प्रत्येकाकडे मान वळत होती, तो बोलेपर्यंत थांबत होती, मग पुढच्याकडे. शेवटी कल्याणराव उरले. ते चेअरमन असल्यामुळे स्वतः कधी हंडा उचलत नाहीत. "आमच्या गड्यानं सहा भरले," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मीच म्हनलो हुतो, भर म्हनून."

वच्छलाबाई शेडच्या दारात बसून बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. कल्याणराव बोलून झाल्यावर त्या उठून टाकीपाशी आल्या. आमच्यातल्या कुणाकडेही त्यांनी बघितलं नाही.

"सदतीस हंडे," त्या म्हणाल्या. "हंड्याला दोन बादल्या. तीन दोर. चाळीस हात हीर. मी जलमभर त्याच हिरीचं पानी वडलंय." मग त्यांनी त्या चेहऱ्याच्या पायाशी बसकण मारली. "अर्धा घंटा. अर्धा घंटा माजी लेक जित्ती हुती."

तेराव्यापासून कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या मोठ्याने रडल्या, आणि आम्ही सगळे रिकामे हंडे जमिनीवर ठेवून उभे राहिलो.